खात्री आहे का?

मला तारलं ते चष्म्याला रबर बांधणाऱ्या सरांनी. त्यांचं नाव विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. शाळांसाठी फुकट मिळणारे, कुणालाही दुरुस्त करता येणारे ऑनलाइन वर्ग, म्हणजे संगणकावरचे प्रोग्राम, तपासून पास-नापास ठरवणं हे त्यांचं काम. मी वारंगा फाट्यावर चहा विकतो. घर दूर कोकणात. सातवीत नापास झालो तेव्हाच शाळा सुटली. सर बसची वाट बघत लॅपटॉप उघडतात, चहासारखी त्यावरही फुंकर मारतात आणि काही बिघडलं तरी खुशीत "बराबर!" म्हणतात.

एकदा म्हणाले, "बसा भाऊ. ह्यात गृहपाठ पाठवून दाखवा."

मी 'माझे गाव' यावर चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आपणास खात्री आहे का?' मला कशाचीच खात्री नसते. मी 'नाही' दाबलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'नाही'. तिकडे चहा उतू गेला.

सर म्हणाले, "नापास."

"परत?" मी सांडलेला चहा पुसत विचारलं.

"तुमी काहून? हा वर्ग नापास! लेकराला असं पोलिसावानी विचारतेत व्हय?" त्यांनी तिथंच ते वाक्य बदलून 'पाठवू का?' असं केलं. मी 'हो' दाबलं.

"बराबर! आता दोघंबी पास," सर म्हणाले. तोवर त्यांची बस निघून गेली होती.

सर, तुमचे हे उपकार मी एक दिवस नक्की फेडीन. फक्त खात्री आहे का, एवढं विचारू नका.