मोरीच्या पाण्यावरचं पील

नाना, तू बोदवडच्या स्टेशनावर मला सोडायला आला होतास. माझ्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं केळीचं पील. झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, आपल्या घरामागच्या मोरीजवळचं. तू म्हणालास, "आबा, होतं नव्हतं ते बठ्ठंच घेऊन चालले का? तेवढं एक तरी राहू द्या ना." मी फणकारलो, "कोण खाणार इथं? तू?" शेजारी म्हणून घराची किल्ली तुझ्या हातात दिली आणि गाडीत चढलो. मागं वळून बघितलं नाही. पाणी आलं असतं डोळ्यात, ते तुला दिसायला नको होतं.

हिची तेरवी झाल्यावर प्रकाशने मला पुण्याला न्यायचा हट्टच धरला होता. हट्टात मी त्याचा बाप, पण त्या वेळी दमलो होतो.

पुण्याबाहेर त्याच्या कॉलेजातच क्वार्टर आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला, आणि माझा मुलगा कंपन्यांच्या मोठ्या साहेबांना शिकवतो. माझ्याएवढं टक्कल पडलेली माणसं गळ्यात नावाची पट्टी अडकवून पोरांसारखी बाकावर बसतात. कुठला धंदा धरायचा, कुठला सोडायचा, हे प्रकाश त्यांना सांगतो. त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात. सून नोकरीवर जाते. दिवसभर फ्लॅटमध्ये मी आणि फ्रीजचा आवाज. इथं 'आबा' म्हणणारी दोनच माणसं, तीही रात्री जेवताना.

पील मी खिडकीखाली लावलं. वाढलं, निसवलं, घड बाहेर पडला.

एकदा प्रकाश मला वर्गात घेऊन गेला. मागच्या खुर्चीवर बसवलं. फळ्यावर केळीचं झाड काढून म्हणाला, "आमचे आबा बुंध्याची पिलं कोयत्याने छाटतात. तेव्हा घड भरतो. कंपनीनेही तेच करावं."

मला राहवेना. उभा राहिलो. "अर्धंच सांगून राह्यला तू! एक पील ठेवावं लागतं. घड कापला की झाड संपतं. मग त्या जागेवर काय उगवणार, फळा?"

साहेब लोक हसले, टाळ्या वाजल्या. प्रकाशही हसला. त्याने झाडाशेजारी एक छोटं झाड काढलं. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

जेवताना त्याने सहज विचारलं, "आबा, मग बोदवडला कोणतं ठेवलं?"

तिथलं ठेवलेलं एकुलतं पील तर मीच खणून आणलं होतं. तू सांगत होतास, तरी. त्याच्या आधी एकुलता पोरगाही मीच शिकायला बाहेर धाडला होता, ताठ मानेने.

आता इथला घड उतरला. दोन पिलं आहेत. एक इथंच ठेवतो. त्याला माळी नळीने पाणी देतो, माझ्यावाचून त्याचं अडत नाही. दुसरं ओल्या पोत्यात बांधलंय. ते मी कोणाच्या हाती पाठवणार नाही. किल्ली आणि कुदळ काढून ठेव.

ती जागा मोरीच्या पाण्यावर जगते, तुला माहीत आहे. म्हणजे त्या घरात रोज कोणीतरी अंघोळ करायला हवी, रोज दोन भांडी विसळायला हवीत. लावून परत येण्याचं हे काम नाही.

प्रकाशला अजून सांगितलेलं नाही.