भिवापूरच्या कॉलची चिठ्ठी

आता नंबर टाकला की संगणक हवे तेवढेच कॉल गाळून पडद्यावर देतो. सत्तरच्या दशकात नागपूरच्या ट्रंक ऑफिसात हे काम मी बोटांनी करायची. बाहेरगावच्या प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी असे. कुठून, कुठे, किती वाजता आणि शेवटी शेरा. दिवसाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून कपाटात जायचा. आधी काही वर्षं मी बोर्डावर बसून कॉल जोडले. एका हिवाळ्याच्या शेवटी कान ठणकायला लागला, म्हणून मला रेकॉर्डला बसवलं. तक्रारवाल्यांचा मला भारी वैताग. आपण कुणाला फोन केला हे त्यांना आठवत नसे, आणि तोंड मात्र माझ्यावर सोडायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, उन्हं तापायला लागली तेव्हा, भिवापूरचे एक म्हातारे आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले.

"बाई, येक फोन पाहून द्या जी. माही पोरगी लकडगंजात राहे. लग्न तिनं तिच्या मनानं केलं, तं मी तीन वर्षं बोललो नाही तिच्यासंगं. मांगच्या महिन्यात काविळीनं गेली."

मी तारीख लिहून घ्यायला कागद ओढला. मग ते म्हणाले, "ती जायच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, मिरचीच्या दुकानातून निरोप आला का नागपूरचा फोन आहे. मी वावरातला मिरचीचा तोडा टाकून पयत गेलो. फोन बंद झालता. सांजवरी बसलो दुकानात, पुन्हा आला नाही. तो तिचाच होता का, येवढंच पाहा."

"जावयांना विचारलं नाही?"

"त्यानं मले दारातूनच वापस केलं. काहून, ते बी नाही सांगितलं."

जावई लकडगंजातल्या एका लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला होते, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं; मुलीने फोन तिथूनच केला असणार. तिथला नंबर मी डिरेक्टरीत शोधला आणि त्या शुक्रवारचा गठ्ठा सोडला. आधी त्या नंबराच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. लाकडाचे व्यापारी दिवसभर बोलत, त्यामुळे ढीग बराच निघाला. त्यातून ठरावीक माणसाला बोलावून घ्यायचे कॉल निवडले, आणि मग त्यांतला भिवापूरचा. एकच चिठ्ठी हातात राहिली. मागणारी व्यक्ती: मुलगी. हवी असलेली व्यक्ती: वडील. वेळ दोनला दहा कमी. शेरा, इंग्रजीत: पार्टीचा बोलण्यास नकार.

अक्षर माझं होतं.

पार्टी, म्हणजे हवी असलेली व्यक्ती, लगेच सापडली नाही तर चिठ्ठी मागे ठेवून कॉल पुन्हा लावावा लागे. नकार आला की चिठ्ठी तिथेच संपायची. माझी पाळी दोनला सुटायची, आणि मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून सुपरवायझरबाई सगळ्यांसमोर बोलायच्या. म्हणून शेवटच्या एकदोन चिठ्ठ्यांवर मी कधीमधी नकार लिहून मोकळी व्हायची. फोन करणाऱ्यालाही तेच सांगायची. एका कॉलने कुणाचं काय अडतंय, असं तेव्हा वाटायचं. दुकानदाराने नक्कीच म्हटलं असणार की माणूस पाठवला आहे, थोड्या वेळाने लावा. आणि मी त्या मुलीला सांगितलं असणार की तुमचे वडील बोलायला तयार नाहीत. त्यावर ती काय म्हणाली ते खूप आठवून पाहिलं. तिचा आवाजसुद्धा आठवला नाही. जावयांनी यांना दारात का अडवलं, ते मात्र मला कळलं.

म्हातारे माझ्या तोंडाकडे पाहत होते. इंग्रजी शेरा त्यांना वाचता आला नसता, तरी मी चिठ्ठी उपडी ठेवली.

"तिचाच होता," मी म्हटलं.

ते तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. गमछा डोळ्यांना लावला.

"मंग तुटला कसा जी?"

"लाइन गेली होती," मी म्हणाले. खरं सांगायला तोंडच उघडेना. आजही मला त्याची लाज वाटते.

त्यांनी मान हलवली. उठले, दारापर्यंत गेले आणि पुन्हा वळले.

"लाइन गेली, असं तुमच्या लोकायनं तिले सांगितलं असन ना? नाही तं तिले वाटन का बापच नाही आला."

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मला हात जोडून गेले.