मागची गाडी

डोंगरावरच्या त्या शिबिरात चाळीस मुली पळायच्या आणि त्यांच्या मागे गाडीकाकांची गाडी चालायची. पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या, मलमाचा डबा, एवढाच तिचा संसार. चौदा वर्षं काकांनी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच हाकली होती.

"काका, तुमची म्हातारी धापा टाकतेय, तिलाच पाणी पाजा!" मुली ओरडायच्या.

"तिला पाजलं तर तुम्हाला काय उरेल?" काका म्हणायचे.

या चाळिसांतल्या पाच-सहा जणी दरवर्षी परदेशी जाऊन मॅरेथॉन जिंकून यायच्या. वेळ मिनिटामिनिटाने खाली येत होती. मग यामागचं गुपित शोधायला वह्या घेऊन पाहुणे यायचे. कुणी हवा विरळ म्हणे, कुणी पोटऱ्या मोजी, कुणी नव्या जाड तळव्याचे बूट उलटेपालटे करून बघे. एकाने काकांनाही विचारलं. काका म्हणाले, "पुढची पळते, कारण मागे एकोणचाळीस जणी आहेत." पाहुण्याने ते लिहून घेतलं नाही.

शिकवणाऱ्या सरांचा नियम साधा होता. लांबच्या पल्ल्यात तिसऱ्यांदा जी गाडीत बसेल, तिने छातीवरचा नंबर काकांच्या हातात द्यायचा आणि संध्याकाळी घरी जायचं. तिच्या जागी दुसरी येई. असे किती नंबर काकांनी घेतले, त्याला गणती नव्हती. पहिल्या वर्षी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे उतरू लागला.

त्या हिवाळ्यात चाळिसांत त्यांची स्वतःची लेक होती. दोनदा ती गाडीत बसून झाली होती.

बाविसाव्या किलोमीटरला ती घोळक्यातून सुटली. काकांना आधी तिची टाच दिसली, बाहेर फेकली जाणारी. असल्या टाचेला पुढे काय होतं, हे त्यांना पाठ होतं. चोविसाव्याला ती बॉनेटच्या अगदी पुढ्यात आली. काकांना गाडी हळू करता आली असती, पण ती घोळक्यापासून नेहमीच्याच अंतरावर चालत राहिली.

सव्विसाव्याला तिने हात वर केला. काकांनी ब्रेक दाबला आणि दार उघडलं.

"बाबा, सरांना सांगू नका ना. चढापर्यंतच बसते."

काकांनी हात पुढे केला. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग ती एकेक सेफ्टी पीन काढू लागली. चौथी पीन निघेना, ती काकांनी काढली. नंबर घामाने ओला होता. त्यांनी तो बाकीच्यांसारखाच घडी करून खणात ठेवला आणि घोंगडी मागे दिली.

"आईला काय सांगायचं?"

"गाडीत बसले म्हणून सांग."

गाडी मागे वळवायची सोय नव्हती, पुढच्यांना पाणी लागणार होतं. लेक काचेतून पुढे पळणाऱ्या मुलींच्या पाठी बघत बसली.

"किती स्पीडने चाललोय?" तिने विचारलं.

"सतरा."

"आतून कमी वाटतो."

"हं."

छातीत काहीतरी हलेल म्हणून काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही हललं नाही. स्टिअरिंग गार होतं, एवढंच कळत होतं. पुढे चढ सुरू झाला. निळ्या मोज्यांची एक मुलगी घोळक्यातून सुटून मागे पडू लागली. काकांनी गाडी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर आणली.