निघोज्याच्या काकूंची परवानगी

आमच्या धंद्यातले किस्से कुणी जपून ठेवत नाही, ते आपोआप साठतात, चिखलीच्या आमच्या ऑफिसातल्या चहाच्या कपांसारखे. ऑफिसात माणसं तीनच. प्लॉट-फ्लॅटच्या ऑनलाइन जाहिराती करणारे साहेब, फोटो-डिझाइनवाला मी आणि लोकांना मेसेज पाठवणारी, लातूरहून आलेली मनीषा.

*

नवा कायदा आला तेव्हा वकील सांगून गेले, "विचारल्याशिवाय कुणाला जाहिरात पाठवायची नाही. तुमच्या नंबरांच्या यादीतल्या सगळ्यांना नव्याने विचारा. आणि हो म्हणणं जितकं सोपं, तितकंच नाही म्हणणंही सोपं पाहिजे."

साहेब म्हणाले, "मनीषा, यादी रिकामी झाली तर तुझं कामही संपलं." तिच्या पगारावर धाकटा भाऊ शिकतोय, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांचा रागच आला.

*

परवानगीचा पहिला मेसेज साहेबांनी स्वतः लिहिला. इंग्रजीत, चार पानी. 'हो'चं बटण हिरवंगार, 'नाही' कुठेतरी तळाशी. टेस्ट त्यांच्याच फोनवर केली. त्यांना 'नाही' सापडेना, शेवटी वैतागून 'हो' दाबलं. मग आमच्याच जाहिराती त्यांना सकाळ-संध्याकाळ यायला लागल्या.

"माझा नंबर काढ की," ते म्हणाले.

"सर, त्याची पद्धत चौथ्या पानावर आहे," मनीषा म्हणाली.

*

मग तिने दोन ओळी लिहिल्या, साध्या मराठीत. 'जाहिराती पाठवू का? हो किंवा नाही कळवा. नंतर कधीही नाही म्हणालात तर लगेच बंद करू.'

नकारांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, "नाही. पण विचारलंस, बरं वाटलं भावा." साहेबांनी कपाळाला हात लावला. मनीषा मात्र एकेक नंबर खोडत राहिली.

*

आणि मग जवळच्या निघोजे गावच्या हौसाकाकू थेट ऑफिसात आल्या. फोन टेबलावर ठेवला.

"ह्या जाहिरातीतलं शेत माझं हाय. म्हैस बी माझीच हाय. इचारलं का कुणी? आन् मला तुमच्या जाहिराती बी नगंत."

फोटो मी काढला होता. मी मान खाली घातली.

"चुकलं आमचं, काकू," मनीषा म्हणाली. त्यांच्या देखत तिने जाहिरातीतून फोटो हटवला, यादीतून नंबर खोडला. "आणखी एक गेला," साहेब पुटपुटले.

आठ दिवसांनी काकू परत आल्या. मागे गावातल्या दहा-बारा बायका. ऑफिसात उभं राहायला जागा उरली नाही.

"न्हाई म्हणल्यावर खरंच गप बसता का, तेवढं बघायचं हुतं," काकू म्हणाल्या. "एक मेसेज आला न्हाई. आता आमच्या समद्यांच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्यात. जाहिरात ह्या पोरीनंच करायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

मनीषाचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही. साहेबांनी स्वतः उठून काकूंना आपली खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, "काकू, जाहिरातीत फोन नंबर कुणाचा टाकू?"

काकू खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"सकाळ-संध्याकाळ वाजणारा फोन आमाला नगं. तुमचा टाका की."