घासून आणलेल्या थाळ्या

आमच्या वस्तीला लागूनच कारखान्याचं धुराडं होतं. वाळत घातलेले पापड दुपारपर्यंत काळे पडत. सगळ्यांना त्याची सवय झाली होती, माझ्या मुलीच्या छातीला तेवढी झाली नाही. सहा वर्षांची पोर, चार पावलं धावली की धाप लागायची. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, "हवा बदला, नाहीतर घर बदला." घर बदलणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणून मी हवेच्या मागे लागले.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. वस्तीतल्या लोकांना आपली धूळ आपणच मोजायची असेल, तर उपकरणांसाठी एका सरकारी खात्याकडून अनुदान मिळतं, असं कळलं. ते मिळालं की कारखान्यापुढे आकडे ठेवता येणार होते. त्या खात्यातले साहेब म्हणाले, आधी काजळी दाखवा, मग पैशांचं बघू. मी माझ्या लग्नातल्या स्टीलच्या थाळ्या घरोघरी वाटल्या. तेलाचा हात फिरवून आठवडाभर छपरावर ठेवा आणि साहेब येतील त्या सकाळी माझ्याकडे आणून द्या, एवढंच सांगितलं.

बायकांनी इमानेइतबारे ठेवल्या. आणल्याही. घासूनपुसून, लख्ख. वर दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून कुणी साखर घातलेली, कुणी शेंगदाणे, एकीने तर गरम पोहे.

"अवं, धुतली काहून?" मी शेजारणीला विचारलं.

"बाई, तुमची थाळी तशी काळीकुट्ट कशी देऊ तुमाले? लोक नावं ठेवतीन ना मले!"

साहेबांनी पोहे खाल्ले. थाळ्या पाहून म्हणाले, "वस्ती स्वच्छ आहे हो तुमची." पुन्हा ठेवते म्हटलं, तर मार्चअखेर आली होती, निधी दुसरीकडे गेला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही नाही. सगळ्यांच्या थाळ्यांतलं डब्यांत काढून ठेवलं आणि शाळेत गेले. जूनमध्ये मुलीला मौद्याला बहिणीकडे ठेवलं, तिथल्याच शाळेत नाव घातलं.

दिवाळीत ती चार दिवस आली. बाजारात भाजीवालीने विचारलं, "कुठची वं तू पोरी?"

"मौद्याची. इथं पाहुणी आली," ती म्हणाली.

तिचा हात माझ्या हातात होता. एवढं चालून आली होती, पण तिला धाप लागली नव्हती. मी पावभर वांगी घेतली.