पोस्ट नंबर तीनसमोरचं गवत

मुंबईची बदली आली तेव्हा युनिटमधल्या लोकांनी मला मिठ्या मारल्या. दोन हिवाळे बर्फात काढल्यावर मुंबई म्हणजे पीस पोस्टिंग. मी हवालदार सावंत, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, मूळचा कुडाळकडचा. माझ्या हातून माणूस जाईल ते मुंबईत, असं मला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

डेपोचं नाव लिहीत नाही. पूर्व उपनगरात, विक्रोळीच्या पुढे, हायवे आणि खाडी यांच्या मधे तो होता. वारा दक्षिणेचा असला की देवनारच्या डम्पिंगचा धूर मेसपर्यंत यायचा. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. पंजाबातल्या बातम्यांमुळे सगळीकडे अलर्ट होता आणि प्रत्येक पोस्टवरच्या पहारेकऱ्याकडे भरलेलं मॅगझीन असायचं.

डेपोत दारूगोळ्याची शेड होती, आणि अशा ठिकाणी गवत हा शत्रू असतो. पावसाळ्यात ते कमरेएवढं वाढतं, ऑक्टोबरात वाळतं आणि एका ठिणगीची वाट बघतं. म्हणून शेडच्या चारी बाजूंनी रुंद पट्टा कायम कापलेला ठेवायचा, असा आदेश असतो. पूर्वी हे काम तीस जण विळ्यांनी करायचे. मी यायच्या आदल्या वर्षी एक परदेशी मोअर आला. बसून चालवायचं गवतकापणीचं यंत्र. छोट्या ट्रॅक्टरसारखं दिसायचं. पोटाखाली उलट्या परातीसारखं लोखंडी झाकण, त्यात फिरणारी दोन पाती, आणि कापलेलं गवत बाहेर फेकायला उजव्या बाजूला एक तोंड. रंग लाल, तरी जवान त्याला रेडा म्हणायचे.

रेडा माझ्या ताब्यात दिला गेला. सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. ती मी डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

दर सोमवारी सात वाजता मेंटेनन्स. आधी प्लगची वायर काढायची, म्हणजे इंजिन चुकून सुरू होत नाही. मग प्लग काढून कार्बन खरवडायचा, एअर फिल्टर धुवायचा, ऑइल बघायचं. यंत्र ठोकळ्यांवर चढवून खाली झोपायचं आणि पाती सोडवायची. कानशीने धार लावायची. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायचं. एक बाजू खाली गेली की ती जड. ती पुन्हा घासायची. पातं आडवं, स्थिर राहिलं की काम झालं. असमान पातं धडधडतं, बेअरिंग खातं आणि शेवटी तुटतं. तो धडधडाट मी शंभर पावलांवरून ओळखायचो.

स्पेअर मिळायचे नाहीत. बेल्ट तुटला तेव्हा मी साकीनाक्याच्या गल्ल्यांतून दिवसभर फिरून कुठल्याशा छपाई मशीनचा बेल्ट आणला. तो बसला. दोन महिने चालला.

या सगळ्यात माझा एकच दोस्त होता, नाईक दत्ताराम परब. माझ्याच तालुक्यातला. एकाहत्तरची लढाई पाहिलेला. पेन्शनला सात महिने उरले होते. बायकोला, सुनंदा वहिनींना, त्याने गावाहून आणून विक्रोळीला कन्नमवार नगरात ठेवलं होतं. माझं रविवारचं जेवण तिथेच असायचं. परब वर्कशॉपवरून जाताना रोज तेच विचारायचा, "काय रे सावंता, तुझो रेडो आज चरतलो की नाय?"

त्या वर्षी पाऊस लांबला. ब्रिगेडियर साहेबांचं इन्स्पेक्शन आठवड्यावर आलं आणि गवत अजून ओलं होतं. ओलं गवत त्या तोंडाशी अडकायचं. तोंडावर स्प्रिंगची एक झडप होती, बाहेर उडणारी वस्तू खाली जमिनीकडे वळवण्यासाठी. गवत तिला चिकटायचं, तोंड चोंदायचं, बेल्ट घसरायचा, जळका वास सुटायचा. दर दहा मिनिटांनी थांबा, काडीने गवत उकरा, पुन्हा सुरू करा.

मोअर चालवायचा सिपाही मुरुगन. मदुराईकडचा, तिशीतला, फार कमी बोलणारा. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"हवालदार साब, ऐसे तो काम नहीं होगा."

सुभेदार भोसले साहेब मागेच उभे होते. ते म्हणाले, "सावंत, काहीतरी कर. मला शनिवारपर्यंत पट्टा साफ पाहिजे."

मी झडप वर उचलली आणि बाइंडिंग वायरने बांधून टाकली. दोन मिनिटांचं काम. पुस्तिकेत त्या झडपेसाठी अख्खं पान होतं. त्यावर माणसाचं चित्र, त्याच्याकडे जाणारी तुटक रेघ आणि वर लाल फुली. ते पान मी वाचलं होतं.

रेडा झकास चालायला लागला. गवताचा फवारा पंधरा फुटांवर पडायचा. दोन दिवस काही झालं नाही.

शुक्रवारी परब आठ ते दहा पोस्ट नंबर तीनवर होता. कुंपणाला लागून सिमेंटचा पाया, वर पत्रा, बाजूला रेतीच्या गोण्या. मुरुगनने त्या बाजूचा पट्टा सुरू केला. कापण्याआधी चार जवान एका ओळीत चालून दगड-धोंडे उचलतात. त्या दिवशीही चालले. पण कमरेएवढ्या गवतात सगळं दिसत नाही.

नऊ सतराला मी वर्कशॉपमध्ये जीपचा कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो. बाहेर एकच आवाज झाला. कोरडा, तुटक. सैन्यातल्या माणसाला असा आवाज ऐकल्यावर विचार करावा लागत नाही. मी जमिनीवर होतो.

भिंतीवरचा वायरलेस बोलायला लागला. पोस्ट चारचा जवान होता.

"कंट्रोल, फोर. थ्री गिर गया. फायर आया है. ओव्हर."

"फोर, कंट्रोल. फायर किधर से? ओव्हर."

"दिखा नहीं. हायवे साइड लगता है. ओव्हर."

"ऑल पोस्ट, कंट्रोल. स्टँड टू. कोई नहीं हिलेगा. आउट."

सायरन झाला. सरपटत मी वर्कशॉपच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. भोसले साहेब तिथे भिंतीला टेकून बसले होते, हातात पिस्तूल. क्विक रिॲक्शन टीम गाडीच्या आड उतरत होती. सगळ्यांच्या बंदुका हायवेकडे. मधल्या मोकळ्या पट्ट्यात मुरुगन पालथा पडला होता, दोन्ही हात डोक्यावर. त्याच्या पलीकडे पोस्टच्या पायाशी मला परबचे बूट दिसले. एक बूट हलत होता.

"साहेब, परब जिवंत आहे."

"दिसतंय मला. कव्हर मिळाल्याशिवाय कोणी जाणार नाही. दुसरा माणूस नाही घालवायचा."

आदेश बरोबर होता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

सायरन थांबला. मग एवढ्या मोठ्या डेपोत एकच आवाज उरला. मोअरचा. मुरुगनने उडी मारली होती, पण इंजिन चालूच होतं. आणि ते धडधडत होतं. धड, धड, धड. सोमवारी खिळ्यावर अडकवून सरळ केलेलं पातं असं वाजत नाही. ते वाकलं होतं. म्हणजे कशाला तरी लागलं होतं. लोखंडाला.

मी मोअरकडे बघितलं. तोंड पोस्ट तीनकडे होतं. वर बांधलेली झडप उन्हात चमकत होती.

बर्फात माणसं गेलेली मी पाहिली होती. माझ्या हातून कधी कोणी पडलं नव्हतं.

"साहेब, फायर नाही. मोअर आहे."

"काय?"

"मोअरने मारलं. झडप मी बांधली होती."

"सावंत, खाली राहा! सावंत!"

मी उठलो आणि धावलो. मागून माझं नाव ओरडलं जात होतं. चाळीस-पन्नास बंदुका हायवेकडे रोखलेल्या आणि त्यांच्यासमोरून मी एकटा उभा धावतोय. मला भीती अजिबात वाटली नाही. गोळी यावी असंच वाटत होतं. आली असती तर माझं म्हणणं खोटं ठरलं असतं.

परब गोणीला टेकून पडला होता. मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरच्या वर, जखम होती. मी फील्ड ड्रेसिंग फोडलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. ते लगेच भिजलं. दुसरं दाबलं. त्याने डोळे उघडले, मला ओळखलं.

"खयसून इली रे?"

गोळी कुठून आली, ते तो विचारत होता. पहारेकरी होता तो. त्याला माहीत असायला हवं होतं.

मी म्हटलं, "बोलू नको."

लॉगबुकाप्रमाणे पहिला आवाज नऊ सतरा, मी पोस्टवर पोचलो नऊ एकवीस, अँब्युलन्स सुटली नऊ तीस. त्या चार मिनिटांचा हिशेब मी आजही करतो. डॉक्टर म्हणाले, चार मिनिटं आधी पोचला असतास तरी फरक पडला नसता. ते खरं सांगत होते की माझ्यासाठी सांगत होते, ते मी विचारलं नाही. परब रस्त्यातच गेला.

पोस्टमध्ये तो उभा होता त्याच्या मागच्या लाकडी खांबात बोल्ट रुतलेला सापडला. कुंपणाचा, अडीच इंची. महिन्यापूर्वी दुरुस्ती झाली तेव्हा कोणाच्या तरी हातातून पडलेला. पात्याने तो उचलून तीस पावलांवर फेकला होता. टीममधले जवान तो बोल्ट हातात घेऊन आळीपाळीने बघत होते. गोळीला घाबरणारी ती माणसं नव्हती. तो बोल्ट मात्र कोणी फार वेळ हातात ठेवत नव्हतं.

भोसले साहेब म्हणाले, "पोस्ट रिकामी राहणार नाही. दहापर्यंत कोण उभं राहतंय?"

"मी राहतो, साहेब."

त्यांनी माझ्या शर्टकडे बघितलं. तो रक्ताने भिजला होता. मग मान हलवली. परबची रायफल घेऊन मी पोस्ट तीनवर उभा राहिलो. समोर मोअर होता. मुरुगनने इंजिन बंद केलं होतं आणि तो त्याच्या चाकाला टेकून बसला होता. ते तोंड थेट माझ्यासमोर होतं. पंचवीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत उभा होतो.

सुनंदा वहिनींना सांगायला ॲडज्युटंट साहेब निघाले. मी म्हटलं, मला न्या. आम्ही पोचलो तेव्हा चाळीत बातमी आधीच गेली होती. कोणीतरी अतिरेक्यांनी गोळी घातल्याचं सांगितलं होतं. दारात बायका उभ्या होत्या. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, डोळे कोरडे.

साहेबांनी जे सांगायचं असतं ते सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"भावोजी, कोणी मारल्यान?"

"वहिनी, गोळी नव्हती. गवत कापायच्या मशीनमधून बोल्ट उडालो. त्याच्यावरची झडप मी बांधून ठेवलेली."

साहेबांनी माझा दंड धरला. वहिनी बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या.

"तुमी बांधलात?"

"होय."

"तेंका सांगितलात?"

"नाय. त्याने विचारल्यान, पण मी सांगूक नाय."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. आतून आवाज आला, "बरा केलात."

मग त्या रडल्या. त्यानंतर त्या घरात मी एकदाच गेलो, पेन्शनचे कागद घेऊन. त्यांनी चहा दिला. जेवायला थांबा म्हणाल्या नाहीत, आणि मी थांबलोही नसतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या आदल्या संध्याकाळी भोसले साहेब वर्कशॉपमध्ये आले. मोअर सील होऊन कोपऱ्यात होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"सावंत, झडप धक्क्याने उघडली असेल, असंही होऊ शकतं. तुला दोन पोरं आहेत."

"वायर अजून तिथेच आहे, साहेब."

"वायर काय, असते किंवा नसते."

ते वाईट माणूस नव्हते. पट्टा साफ पाहिजे म्हणणारे तेच होते आणि तीन रात्री त्यांनाही झोप नव्हती.

"झडप आपोआप उघडली म्हटलं, तर विचारतील की चालवणाऱ्याने बघितली कशी नाही. मुरुगन अडकेल."

ते दारापर्यंत जाऊन वळले. मग म्हणाले, "मग मी काय म्हटलं होतं, तेही सांग."

दुसऱ्या दिवशी चौकशीत मी दोन्ही सांगितलं. त्यांनीही त्यांचं स्वतःहून सांगितलं. आम्हा दोघांना सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद, मिळाली, सर्व्हिस बुकात लाल शाईने नोंद झाली. माझं प्रमोशन तिथेच संपलं. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. मुरुगनवर ठपका आला नाही, पण तो पुन्हा मोअरवर बसला नाही. गवत पुन्हा विळ्यांनी कापलं जाऊ लागलं, आणि पहिल्या दिवशी विळा घेऊन मी सगळ्यांत पुढे होतो.

सैन्यात मृत्यूचे प्रकार असतात. शत्रूच्या हातून गेला तो बॅटल कॅज्युअल्टी. बाकीचे फिजिकल कॅज्युअल्टी. पहिल्यांची नावं दगडावर कोरतात. परबचं नाव कुठल्या दगडावर नाही. म्हणून इथे लिहितो. नाईक दत्ताराम परब. एकाहत्तरच्या लढाईत त्याला खरचटलंही नव्हतं. तो मुंबईत, दिवसाउजेडी, आपल्या जागेवर उभा असताना गेला.

त्या सकाळी त्याच्या हातून घेतलेली रायफल मी नियमाप्रमाणे तपासली. चेंबर रिकामा. मॅगझीन भरलेलं. सेफ्टी लावलेली. एकही गोष्ट चुकीची नव्हती.