सुजूबाईचा कोट

या, जवळ या. तिथी दाराशी काऊन टेकले? चपला काढा, आत या. आणि तो मोबाईल जरा पालथा ठेवा वो बाई! मी बोलून राह्यली की तुमची बोटं त्याच्यावर सरकूनच राह्यतात. म्हाताऱ्या माणसाचं पाच मिनिटं ऐकलं तर काही झिजत नाई तुमचं.

तर झालं असं, की ताऱ्यांमध्ये जहाज चालवणाऱ्या एका बाईचा कोट मी रफू केला.

बाई जपानी कार्टूनमधली. (कार्टून म्हटलं की माझी नात रेणू डोळे वटारते. "आजी, अ‍ॅनिमे म्हण!" बरं, अ‍ॅनिमे.) मले वाटायचं, कार्टून म्हणजे उंदीर पळतो आणि मांजर आपटते. ही बाई मात्र पंचेचाळीस वर्षांची. कपाळावर पांढरी बट, आणि चेहरा असा, जसा तीन पोरींची लग्नं एकाच मांडवात उरकलेल्या आईचा असतो. नाव सुझुए. ते माझ्या तोंडात बसेना म्हणून मी तिले सुजूबाई केली. हजारो लोकांचं जहाज ती एकटी हाकते. खोटं बोलते, हाताखालच्या लोकांवर खेकसते, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसते. रेणूचा तिच्यावर भारी जीव. मी एकदा म्हटलं, "एवढी खडूस बाई तुले आवडते तरी कशी?" तर म्हणे, "खडूस आहे म्हणूनच." 

रेणू म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. नागपूरले इंजिनीअरिंगले होती. दोन वर्षांनी सोडून चामोर्शीले माझ्याकडे निघून आली. काऊन सोडलं, ते मी विचारलं नाई. पण वरोऱ्याच्या तिच्या मामीचा फोन आला की मी लगेच सांगायची, "पोरगी सुट्टीवर आली ना!" ती सुट्टी वर्षभर चालली! रेणू शेजारी बसून ऐकायची, आणि उठून आत जायची.

मग एक दिवस ती स्वतःहून माझ्या मशीनपाशी आली. नागपूरले एक स्पर्धा होती. आवडत्या पात्राचा वेश स्वतः शिवायचा आणि घालून दाखवायचा. परीक्षक म्हणून नाटकाचे कपडे शिवणाऱ्या एक मोठ्या बाई येणार होत्या, आणि ज्याचं काम पसंत पडेल त्याले त्या पुण्याले आपल्या हाताखाली शिकायले घेणार होत्या.

"आजी, मले हेच काम कराचं आहे. दुसरं काहीच नाई."

इथी आल्यापासून आठ महिन्यांत तिच्या तोंडून मी पहिल्यांदा 'कराचं आहे' ऐकलं. मशीन तिच्या हवाली केली.

तीन महिने पोरगी खपली. राखाडी कोट शिवला, हिरड्याच्या पाण्यात बुडवून बुडवून मळकट केला. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून खांद्यावरचं कवच केलं. पांढऱ्या बटेचा केसांचा टोप आणला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बूट आणायले गडचिरोलीले निघाली, आणि दारातून बजावून गेली, "आजी, माह्या खोलीतल्या कशालेच हात लावजो नको."

"मी काऊन लावू?" मी म्हटलं.

(लावला.)

झाडायले म्हणून गेली होती मी, शपथ! खुंटीवर तो कोट. पाहते तर काय, चौदा भोकं! खांद्यावर भोक, कोपरावर भोक, पाठीवर तर हात जाईल एवढं भगदाड, आणि सगळ्यांच्या कडा जळलेल्या. तुम्हाले म्हणून सांगते, जळकं कापड आमच्यात घरात ठेवत नाईत, आणि पोरीले फाटक्या कपड्यात उंबरठ्याबाहेर पाठवत नाईत. त्यात मी चाळीस वर्षं शिलाईत काढलेली. ब्लाऊज चांगले शिवणाऱ्या गावात पुष्कळ, पण रफू म्हटलं की लोक चष्मा लावून माझ्याच दारी येतात, आणि नेताना भोक कुठी होतं ते शोधत बसतात.

मी कोट घेऊन अंगणात बसली. आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उपसले आणि उभा-आडवा धागा भरत गेली. आमचे हे आले. आलापल्लीच्या लाकूड डेपोत जन्म गेला त्यांचा. लाकडाच्या लठ्ठ्यावर चीर दिसली की अजून त्यांचा जीव खालीवर होतो.

"अवो, पोरीनं हात लावू नको म्हटलं ना?"

"मग काय भिकारणीसारखी जाऊ द्याची का तिले नागपूरले? कामाच्या गडबडीत कोट इस्तरीनं जळला असंन बिचारीचा. सांगाले लाजली."

"चौदा जागी?"

"इस्तरी जुनी आहे आपली!"

हे त्यांले पटलं. (पटणारच. इस्तरी त्यांनीच आणली होती.) मग त्यांची नजर त्या कवचावर गेली. "हा पत्रा पण चेपला बाप्पा!" आणि ते काखेत मारून गेले शेजारच्या सलीमभाईच्या गॅरेजात. सलीमभाई गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांनी एकेक पोचा ठोकून सरळ केला, वर लांबी, म्हणजे ती पुट्टी, भरली आणि चांदीचा स्प्रे मारला. पैसे विचारले तर म्हणाले, "अपनी रेणू का काम है काका!"

तेवढ्यात त्यांची बायको रझियाबाई आली. टोप पाहून तिनं कपाळाले हात लावला. "क्या बाई! इतनी जवान लडकी, और सफेद बाल?" काळी मेंदी घेऊन आली. नकली केसांवर मेंदी कुठी चढते? मग तिनं डोकं चालवलं: बुटाचं काळं पॉलिश! अशी बट चमकली, अशी चमकली, की त्यात तोंड दिसावं!

दिवेलागणीले रेणू आली. आम्ही चौघं ओळीनं उभे. बक्षीस-समारंभच म्हणा. कोट इस्तरी करून हँगरले लावलेला, कवच लखलख, टोपाचा भांग पाडलेला.

ती पुढं आली. कोटाच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली, जसं काही त्या भगदाडाले शोधून राह्यली.

"आजी, तिच्या जहाजाले आग लागते. जळत्या भागाचा दरवाजा ती स्वतःच्या हातानं बंद करते. आत अकरा लोक असतात, तिची लहान बहीण पण असते. बाकीचे दोन हजार वाचतात. तिले कोणी दोष देत नाई, उलट मेडल देतात. पण त्या दारापाशी जळलेला कोट ती आयुष्यभर शिवत नाई. सगळे म्हणतात, नवा घाल. ती म्हणते, नाई. हे एकेक भोक मी अगरबत्तीनं पाडलं आजी. चित्र समोर ठेवून. कोटात दुसरं दाखवाचंच काय होतं?"

माझ्या हातात सुई तशीच होती. ती कुठी लपवू, असं झालं मले.

"आत्ता फाडू ना बेटा!" आमचे हे म्हणाले. आणि तिथून पुढं जे झालं ते पाहून सुजूबाईनं जहाज वळवलं असतं. मी कात्री घेतली, पण चांगलं कापड फाडायले हातच उठेना. डोळे मिटून कापलं, तर चीर अशी सरळ आली जशी काजासाठी केली! रेणू ब्लेडनं रफू उसवायले बसली. ते निघेना. माझं रफू निघत नाई हो! त्याचाच तर मी चाळीस वर्षं तोरा मिरवला. तिकडं सलीमभाई हातोडी घेऊन कवचापुढं घाम पुसून राह्यले होते. "काका, चेपलेलं सरळ करणं आपला धंदा. सरळ पत्रा चेपाचा कसा, ते नाई समजून राह्यलं." मारले बिचाऱ्यांनी पोचे, पण रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एका अंतरावर! आणि रझियाबाई पॉलिश पुसाले गेली तर पांढरी बट मुळासकट तिच्या हातात आली.

पहाटेच्या एसटीत रेणू ब्लेड घेऊनच बसली. नागपूर येईपर्यंत तीन भोकं मोकळी झाली म्हणे.

स्पर्धेतलं तिनं मले थोडंच सांगतलं. परीक्षक बाईंनी कोट उलटापालटा करून विचारलं, "या कप्तानाचा कोट इतका धड कसा?" रेणू म्हणाली, "माझ्या आजीनं दुरुस्त केला." सगळे हसले. बाई पण हसल्या. पुण्याले दुसऱ्याच कोणाची निवड झाली.

घरी आली, कोट घडी करून पेटीत ठेवला. सव्वा महिना माझ्याशी जेवण, पाणी, हो, नाई, एवढंच. मी कधी शेवळीची भाजी केली, कधी गोडाचं केलं. पोरगी खायची, ताट उचलायची. शेवटी मीच म्हटलं, "बोल वो बाई. शिव्या दे पाहिजे तर."

"कोटाचं नाई आजी," ती म्हणाली. "तू मलेही तसंच करून राह्यली ना. मी कॉलेज सोडलं. सुट्टीवर नाई आहो मी. मामीले खरं काऊन सांगत नाई? मले भोकं पडली त लाज वाटते का तुले?"

चाळीस वर्षांत माझं काम कोणी एवढं नीट ओळखलं नव्हतं.

मी तिच्यासमोर वरोऱ्याले फोन लावला. "अवो, रेणूनं इंजिनीअरिंग सोडलं. केव्हाचंच सोडलं."

मामी म्हणाली, "आम्हाले दिवाळीपासून माहीत आहे. तुम्ही एवढं रंगवून सांगत होत्या, म्हणून आम्ही बोललो नाई!"

रेणू हसली. पण हसता हसता डोळ्याले पदर लावणारी मीच होती.

आता ती नागपूरले असते. शाळांच्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात परीचे पंख आणि वाघाची शेपटी शिवते. "बरं आहे आजी," म्हणते. तिच्या 'बरं आहे'मध्ये पुण्याची ती जागा मले दिसते. फोन करते, पण येणं होत नाई. सीझन आहे म्हणते.

रेणू, हे तुह्या कानावर आलं तर ऐक. मी तुही ती मालिका पाहाले घेतली. आजोबाच्या फोनवर, खालची अक्षरं वाचता येत नाईत तरी. सुजूबाई आता त्या दारापाशी आली आहे. आत आग, बहीण हाका मारून राह्यली, बाईचा हात कडीवर. तिथी मी बोट ठेवून जहाज थांबवलं. पुढचं मले एकटीनं पाहावत नाई. आठ दिवस झाले, दोन हजार लोक माझ्यापायी आभाळात खोळंबून आहेत, आणि ते चित्र हलंन म्हणून आजोबाले मी फोनले हात लावू देत नाई! लवकर ये वो बाई.